तोंडाला नाही, अंगाला

“फुंक,” पद्माक्का म्हणाल्या.

फोरमन बेडगे वयाने त्यांच्याएवढेच. तरी त्यांनी डोळे मिटले आणि कडू औषध घेताना करतात तसा चेहरा करून अक्कांच्या नाकाशी फुंकर मारली.

“वेलदोडा,” अक्का म्हणाल्या. “सकाळच्या पारी वेलदोडा कशापायी?”

“तोंड कोरडं पडतंय, अक्का.”

“हं. व्हा बाजूला. पुढचा या.”

मिक्सिंगच्या खोलीबाहेर आम्ही सगळे रांगेत उभे होतो. या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली, पण ती रांग मला अजून दिसते. माणसं आपापल्या तळहातावर हळूच फुंकर मारून आधी स्वतःच वास घेऊन बघत होती. ज्यांनी सकाळी ज्वारीच्या भाकरीशिवाय काही खाल्लं नव्हतं, त्यांचेही चेहरे गुन्हेगारासारखे झाले होते.

पद्मावती मगदूम आमच्या मालकीणबाई. नवरा, म्हणजे मगदूमअण्णा, गेल्यावर कारखाना त्यांनी हातात घेतला. आम्ही भातगिरणीला लागणारे रबरी रोलर बनवायचो. दोन रोलरांच्या फटीतून भात जातं आणि त्याचं फोलपट निघतं, ते रोलर. पण अक्कांचं नाव पंचक्रोशीत झालं होतं ते रोलरामुळे नाही, बाटलीमुळे. त्यांच्या हालेवाडीत दारूचं दुकान बंद करायचं की नाही, यावर बायकांचं मतदान झालं होतं. मतपत्रिकेवर दोन बाटल्या असतात. उभीवर शिक्का मारला तर दुकान चालू, आडवीवर मारला तर बंद. अक्का उन्हातून घरोघर फिरल्या आणि बाटली आडवी केली. तेव्हापासून त्या तालुक्याच्या दारूबंदी समितीच्या अध्यक्ष होत्या, आणि त्यांचं नाक एस.टी. स्टँडच्या या टोकाला राहून त्या टोकाचा प्यालेला माणूस ओळखतं असं म्हणत.

त्या सकाळी त्या मिक्सिंगच्या खोलीत सहज डोकावल्या आणि दारातच थबकल्या. आत दारूचा वास होता.

रांगेत माझा, कारखान्याच्या केमिस्टचा, नंबर आला. बेडगे म्हणाले, “अक्का, या एम.एस्सी. झालेल्या आहेत.”

“मग? एम.एस्सी. झालेल्यांना तोंड नसतं व्हय? फुंक गं, सुनंदा.”

मी फुंकले. मला चार दिवस सर्दी होती. नाकाशी फिनेल धरलं असतं तरी कळलं नसतं.

“सुंठ,” अक्का म्हणाल्या. “काढा घेतलायस. आज डोक्यावरनं न्हाऊ नको. पुढचा.”

पुढचा म्हणजे दौलूमामा, आमचे मिक्सर चालवणारे. उंच, वाकलेले, कमी बोलणारे. त्यांनी फुंकलं. अक्कांनी वास घेतला. परत घेतला. मग त्यांचं नाक हळूहळू मामांच्या तोंडावरून गळ्याकडे, खांद्याकडे, बाहीकडे गेलं.

“तोंडाला वास न्हाई,” त्या म्हणाल्या. “अंगाला हाय.”



“दौलू, दारू प्यालास का दारूनं आंघोळ केलीस?”

“अक्का, शप्पत...”

“आन वर लसूण! दारू लपवायला लसूण खाल्लास?” अक्कांच्या घरात कांदा-लसूण शिजत नसे. एका माणसात दारू आणि लसूण दोन्ही सापडल्यावर त्यांचा आवाज चढला. “बोलवा हौसाला.”

हौसाबाई मामांची बायको. आमच्याकडेच तयार रोलरांना कागद गुंडाळायच्या कामावर होत्या. दौलूमामांना पूर्वी एकदा दारूपायी काढून टाकलं होतं. हौसाबाई तेव्हा अक्कांच्या दारात जाऊन बसल्या होत्या. “मी जामीन हाय,” म्हणाल्या होत्या, “परत प्याला तर त्याच्यासंगं मला बी काढा.” त्या शब्दावर मामा परत आले होते आणि त्यानंतर त्यांनी थेंबाला हात लावला नव्हता. म्हणजे आज एकाची नाही, घरातली चूल पेटवणाऱ्या दोघांचीही नोकरी त्या बाहीवर टांगलेली होती.

हौसाबाई आल्या. हाताला डिंक लागलेला. झालं काय ते ऐकून त्या सरळ नवऱ्याजवळ गेल्या, त्याचा सदरा मुठीत धरला आणि नाक खुपसलं. बराच वेळ काढला.

“अक्का,” त्या म्हणाल्या, “ही ह्याची न्हाई. ह्याचा वास मी झोपेत वळखीन. ही देशी न्हवंच.”

“मग?”

“ही भारीतली हाय.” आणि मग त्यांच्या डोक्यात उजेड पडला. “इंग्रजी! अगं बाई! घरात तेलाची बाटली मोजून वापरतीया मी, आन हा इंग्रजी पितोय!”

“हौसा, न्हाई गं,” मामा म्हणाले.

“देशी पीत हुतास तवा निदान आपली ऐपत तेवढीच हाय म्हणून गप बसायची मी!”

“हौसा,” अक्का म्हणाल्या, “तू जामीन हायस का फिर्यादी, ते आधी ठरव.”

मग झडती झाली. बाटली कुठंतरी असणारच होती. रबराच्या गठ्ठ्यांमागे पाहिलं, पावडरच्या पोत्यांमागे पाहिलं, पाण्याच्या टाकीत हात घातला. बाटली नव्हती. बेडग्यांच्या खणात मागच्या बाजूला, जुन्या हातमोज्यांच्या खाली, बेळगावच्या कुंद्याचा डबा सापडला. अर्धा संपलेला.

बेडग्यांना साखरेचा आजार होता. त्यांच्या घरी चहासुद्धा बिनसाखरेचा होई, हे सगळ्या कारखान्याला माहीत होतं.

“वेलदोडा,” अक्का म्हणाल्या.

बेडगे छताकडे बघू लागले.

“तुमचं नंतर बघते.”

आणि मग मिक्सरच्या मागे, फळीवर, माझा डबा सापडला.

तो डबा तिथे का होता, हे सांगायला हवं. काळं रबर सगळ्यांना माहीत असतं, टायरचं. ते काळं असतं कारण त्यात काजळी घातलेली असते. रबराची ताकद त्या काजळीने वाढते. तिचा कण रबराला आपोआप धरतो, त्यांचं मुळातच जमतं. पण भाताच्या रोलरात काजळी घातली तर तांदळावर काळे डाग पडतात. म्हणून आम्ही पांढरी पावडर घालायचो, सिलिका. ती काजळीइतकीच बारीक असते, पण तिच्या कणांच्या अंगाला पाण्याची ओढ असते आणि रबराचा तिटकारा. रबरात टाकली की कण एकमेकांनाच धरून बसतात. पिठल्यात गाठी होतात तशा गाठी होतात, आणि रोलर झिजायला लागला की गाठीपासूनच झिजतो.

आमचे रोलर झिजत होते. आजऱ्याचे गिरणीवाले केसरकर घनसाळ तांदूळ सोलायचे. ते दर खेपेला पत्र पाठवायचे की तुमच्या रोलरापेक्षा माझ्या आजीचे दात टणक होते. मी म्हटलं, सिलिकाच्या कणाचं अंगच बदलायला हवं. मुंबईहून एक पिवळसर द्रव मागवला. सिलेन म्हणतात त्याला. त्याच्या एका टोकाला सिलिका धरता येते, दुसऱ्या टोकाला रबर.

दौलूमामांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले होते, “म्हंजे लग्न जमवणारा माणूस. मुलीकडचा बी, मुलाकडचा बी.”

“तसंच,” मी म्हटलं होतं.

पण पहिले घाणे वाया गेले. त्या द्रवाचा काही उपयोगच झाला नाही. मग माझ्या लक्षात आलं की भिंतीवर अण्णांनी मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलं होतं, ‘रबर तापवू नये’. मामा ते देवाच्या आज्ञेसारखं पाळत होते. गंधक घातलेलं रबर तापलं तर करपतं, ते खरंच. पण आम्ही गंधक नंतर, थंड झाल्यावर घालत होतो. मी अक्कांची परवानगी काढली आणि मामांना सांगितलं, त्या द्रवाला ऊब हवी, मिक्सरच्या तापमानाचा काटा वर जाऊ द्या. त्या आठवड्यात आम्ही पहिल्यांदा गरम घाणे काढायला लागलो होतो, आणि त्याच आठवड्यात मला सर्दी झाली होती.

अक्कांनी डब्याचं झाकण उघडलं. सगळ्यांनी श्वास रोखले. मी रोखला नाही, कारण माझा तसाही चालत नव्हता.

“लसूण,” अक्का म्हणाल्या. “हा लसूण ह्यातला हाय.”

“त्यात गंधक असतं,” मी म्हटलं.

“मग दौलूनं लसूण खाल्ला न्हाई.” त्यांनी परत वास घेतला. “पण ह्यात दारू न्हाई. नुसता लसूण. म्हंजे लसणाची एक शिक्षा कमी झाली, दारूची तशीच.”

त्या दौलूमामांकडे वळल्या. “उद्यापासून येऊ नको. हौसा, तू बी. तूच म्हणली हुतीस.”

हौसाबाईंनी हातावरचा डिंक पदराला पुसला. त्या आता ओरडत नव्हत्या. मला त्यांचं ओरडणं बरं वाटलं असतं.

मामा माझ्याकडे बघून अगदी हळू म्हणाले, “बाई, तुमाला एक सांगू? वास मला बी येत हुता. चार दिस झालं. मिक्सरचं झाकण उघडलं की यायचा. मला वाटलं, माझ्याच डोक्यात येतोय. सोडलेल्या माणसाला असा भास हुतो म्हणत्यात. म्हणून कुणाला बोललो न्हाई. नाक दाबून काम करत हुतो.”

“झाकण उघडलं की?”

“व्हय. आन गरम झाल्यावरच. थंड असताना कायबी न्हाई.”

मी त्यांच्याकडे पाहत राहिले. माझ्या हातात डबा होता. कॉलेजात जे समीकरण मी फळ्यावरून उतरवून घेतलं होतं, ज्यावर मला पैकीच्या पैकी गुण मिळाले होते, त्याच्या उजव्या बाजूला, अगदी शेवटी, एक छोटंसं अधिकचं चिन्ह होतं आणि त्यापुढे एक नाव. ते नाव मी परीक्षेत दरवेळी बिनचूक लिहिलं होतं. त्याला वास असतो, हे मात्र माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

“अक्का,” मी म्हटलं. माझा आवाज नेहमीपेक्षा मोठा आला असावा, कारण बेडगे दचकले. “वास खरा आहे. दारूचाच आहे. पण मामांचा नाही.”

“मग कुणाचा?”

“रबराचा.”

“रबर दारू पितंय?”

“पीत नाही, अक्का. आतल्या आत दारू तयार होते.”

हे वाक्य मी जरा विचार करून बोलायला हवं होतं. अक्कांनी आयुष्यात कितीतरी हातभट्ट्या फोडल्या होत्या.

“माझ्या,” अक्का म्हणाल्या, “कारखान्यात. अण्णांच्या कारखान्यात. दारू गाळली जातीया?”

“अगदी थोडी...”

“अध्यक्षाच्या कारखान्यात!”

“अक्का, ऐका. मामा, तुम्ही म्हणालात ना, लग्न जमवणारा माणूस? त्याचा एक हात रबराला धरायचा, एक हात सिलिकाला. पण तो येतो तेव्हा त्याचा सिलिकाकडचा हात मोकळा नसतो. त्यात तो अल्कोहोल घेऊन आलेला असतो. डब्यात असताना ते घट्ट धरून ठेवतो, म्हणून डब्याला वास नाही. सिलिकाचा हात धरायचा तर हातातलं सोडावं लागतं. ते सोडायला त्याला ऊब लागते. आम्ही तापवलं, त्याने सोडलं. सोडलेल्याचा तो वास आहे.”

हौसाबाई नवऱ्याकडे न बघता म्हणाल्या, “असलं बी माणूस असतंय तर. सोडणारं.”

अक्का मात्र वितळल्या नाहीत. “बोलायला काय, दारू गाळणारा बी म्हणतो, मी लिंबाचं सरबत करत हुतो. मला दाखव. आन दौलू आत नको. त्याला आधी आंघोळ घाला.”

बेडग्यांनी मामांना बाहेरच्या नळाखाली बसवलं. कुंद्याच्या प्रकरणामुळे ते फार मनापासून पाणी ओतत होते. आत खोलीत आम्ही तिघीच राहिलो: मी, अक्का आणि हौसाबाई. खिडक्या मी उघड्या ठेवल्या. अक्कांनी आधी माझ्याकडून परत एकदा फुंकून घेतलं, आणि मग न्यायाच्या दृष्टीने स्वतःचं तोंडही हौसाबाईंना हुंगायला लावलं.

“सांग.”

“तूप-भात,” हौसाबाई घाबरत म्हणाल्या.

“बराबर. कर चालू.”

पहिला घाणा मी द्रव न घालता काढला. रबर, सिलिका, झाकण बंद, काटा वर. झाकण उघडलं. अक्का वाकल्या.

“रबर,” त्या म्हणाल्या. “अजून काय न्हाई.”

दुसऱ्या घाण्यात द्रव घातला. सुरुवातीला झाकण उघडलं तर अक्कांनी नाक मुरडलं, “नुसता लसूण.” परत बंद केलं. यंत्र घुमत होतं, काटा चढत होता. बाहेर नळाखाली मामांचं कुडकुडणं ऐकू येत होतं. मला एकाएकी भीती वाटली. समीकरण फळ्यावर बरोबर असतं. माणसाची नोकरी फळ्यावर नसते. आणि झाकण उघडल्यावर वास आला की नाही, हे कळणारं नाक माझ्याकडे नव्हतं. मी फक्त अक्कांच्या चेहऱ्याकडे बघू शकत होते.

काटा हवा तिथे आला. मी झाकण उघडलं.

वाफेचा एक पांढरा लोट वर आला. अक्कांच्या नाकपुड्या फुलल्या. त्यांनी डोळे मिटले. त्यांचा हात आपोआप पदराकडे गेला आणि वाटेतच थांबला.

“आली,” त्या म्हणाल्या.

हौसाबाई पुढे झाल्या, त्यांनी खोल श्वास घेतला, आणि त्यांचा चेहरा उजळला.

“हीच ती! इंग्रजी!” आणि त्या खिडकीकडे धावल्या. “अवं, ऐकलं का! तुम्ही प्याला न्हाईसा! रबरच हाय त्ये!”

नळाखालून मामांचा आवाज आला. “मी सकाळधरनं त्येच सांगतोय की!”

अक्का बाहेर आल्या, ओल्या दौलूमामांसमोर उभ्या राहिल्या आणि बेडग्यांना म्हणाल्या, “टॉवेल द्या त्याला. आन ह्या खोलीला वारा बाहेर फेकणारा पंखा बसवा. मोठा.” एवढं बोलून त्या घाईने जीपमध्ये बसल्या, कारण दुपारी तालुक्याला दारूबंदी समितीची सभा होती आणि उशीर झाला होता. लुगडं बदलायला वेळ नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्या आल्या त्या थेट मिक्सिंगच्या खोलीत.

“दौलू.”

“जी, अक्का.”

“काल मी व्यासपीठावर बसले. शेजारच्या खुर्चीवरची बाई जरा सरकली. मग तिच्या शेजारची सरकली. मी भाषणाला उभी राहिले तर पुढची रांग मागं सरकली. कुणी कायबी विचारलं न्हाई. एकीनंबी विचारलं न्हाई. नुसत्या सरकल्या.” त्या मामांकडे वळल्या. “तुला मी निदान फुंकायला तरी सांगितलं.”

“व्हय, अक्का,” मामा म्हणाले. “तेवढं तुमी केलंसा.”

माझ्या माहितीप्रमाणे अक्कांनी कुणाची मागितलेली ती एकमेव माफी.

गरम घाण्यांचे रोलर आजऱ्याला गेले. त्यानंतर केसरकरांचं पत्र आलं नाही, आणि केसरकरांचं पत्र न येणं ही फार मोठी गोष्ट होती. दरम्यान आमच्याकडे एक नवीन पद्धत पडली. घाणा पुरता झाला की नाही, सिलिकाने हात धरला की नाही, हे काट्यावरून अंदाजाने कळायचं. अक्कांना नक्की कळायचं. मी रोलर फाडून, घासून, वजन करून ताडून पाहिलं. अक्कांच्या नाकाने पास केलेला घाणा कधी लवकर झिजला नाही. त्यामुळे महत्त्वाचा घाणा असला की त्यांना ऑफिसातून बोलावणं जायचं. त्या यायच्या, पंखा क्षणभर बंद करायला लावायच्या, वाकायच्या आणि निकाल द्यायच्या.

सुगी सरल्यावर एके दिवशी केसरकर स्वतःच आले. मोठी ऑर्डर घेऊन. करवतकाठी धोतर, हातात घनसाळची पिशवी भेट म्हणून. ऑफिसात कुणी नव्हतं, म्हणून ते आवाजाच्या दिशेने मिक्सिंगच्या खोलीपर्यंत आले आणि दारात उभे राहिले. त्यांना कुणी पाहिलं नाही. मी पाहिलं, पण मी पटकन बोलणाऱ्यांतली नाही.

पद्माक्का, तालुका दारूबंदी समितीच्या अध्यक्ष, वाफाळत्या मिक्सरवर वाकल्या होत्या. डोळे मिटलेले. त्यांनी एक लांब श्वास ओढला, मान हलवली.

“कमी पडली, दौलू,” त्या म्हणाल्या. “अजून चढली न्हाई. झाक परत.”

झाकण बंद झालं, मग उघडलं. अक्कांनी परत श्वास ओढला आणि समाधानाने हसल्या.

“आता कशी झकास चढली!”

मग त्या वळल्या आणि त्यांना केसरकर दिसले. “या, या, केसरकर! आत्ता आले हात धुऊन,” म्हणत त्या त्यांच्या अगदी जवळून निघून गेल्या. त्या गेल्या त्या बाजूला केसरकरांचं नाक वळलं. तांदळाची पिशवी त्यांनी छातीशी धरली.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी समीकरण कुठून सुरू करावं याचा विचार करू लागले. तेवढ्यात दौलूमामा हात पुसत पुढे आले, केसरकरांसमोर ताठ उभे राहिले आणि अतिशय गंभीर चेहऱ्याने म्हणाले,

“मालक, तोंडाला न्हाई. अंगाला हाय.”

केसरकर एक पाऊल मागे सरकले.

“कायबी मनात आणू नका,” मामा म्हणाले. “त्यांना मी जामीन हाय.”